बोगनवेलीचे फुटवे

बोन्साय करणाऱ्यांबद्दलचं माझं मत मी छापून वाटलेलं आहे, त्यामुळे ते लपवायचा प्रश्नच येत नाही. बेळगावात झाडांचं प्रदर्शन भरलं होतं, तेव्हा आम्ही चार-पाच जण दारात उभे राहून पत्रकं देत होतो. मजकूर माझा. मथळा होता 'कुंडीतला तुरुंग'. वडासारख्या झाडाला वीतभर ताटलीत बसवायचं, तारेनं त्याचे हात पिरगळायचे आणि वर त्याला कला म्हणायचं, हे मला तेव्हा सहन होत नव्हतं. आजही पुरतं होत नाही. बहुतेकांनी पत्रक घेतलं, घडी घातली, खिशात टाकलं. एका गृहस्थांनी मात्र चष्मा लावून, तिथंच बाजूला उभं राहून, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि म्हणाले, आणखी दोन द्या. मी खूश झाले. मग म्हणाले, कुंड्यांखाली अंथरायला हवीत.

हे गृहस्थ कोर्टातले निवृत्त शिरस्तेदार. मी वकिलीला लागले तेव्हा त्यांचं शेवटचं वर्ष चालू होतं आणि त्या एका वर्षात त्यांनी माझे अर्ज इतक्या वेळा परत केले, की मला त्यांचं अक्षर लांबूनही ओळखता यायचं. कधी कोर्ट फीचं तिकीट कमी, कधी समास कमी. टिळकवाडीत त्यांच्या गच्चीवर बोन्सायच्या शंभरेक कुंड्या आहेत असं ऐकून होते. अर्ज परत करणारा माणूस घरी जाऊन झाडांची छाटणी करतो, हे मला अगदी जुळणारं वाटलं होतं.

एवढं सगळं आधी सांगितलं, कारण पुढे मला त्याच माणसाला फोन करावा लागला.

आमचं घर निपाणीत. घरात आप्पा, आई, मी आणि आत्ती. आत्ती म्हणजे आप्पांची थोरली बहीण. लग्नानंतर दोनच वर्षांत ती माहेरी परत आली आणि लहानपणासारखीच पुन्हा तंबाखूच्या कामाला लागली. हंगामात शेतात, नंतर वखारीत. आप्पा शिकले, मास्तर झाले, ते तिच्या मजुरीवर. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलून दाखवत नाही. घराची जागा घेतली तेव्हा भिंतीसुद्धा उभ्या नव्हत्या. त्या आठवड्यात आत्तीनं वखारीच्या मालकाच्या बंगल्याच्या कुंपणावरनं बोगनवेलीची एक काडी मोडून आणली आणि फाटक जिथं येणार होतं तिथं खोचली. मालकाकडं मागून आणली का, असं मी लहानपणी विचारलं होतं. ती म्हणाली, त्यांच्या कुंपणावर लई होती. काडीचा पुढे मांडीएवढा बुंधा झाला. उन्हाळ्यात पान दिसायचं नाही इतकी फुलायची. घर आप्पांच्या नावावर, वीज आप्पांच्या नावावर, रेशनकार्डावरही आत्ती शेवटच्या ओळीत. आत्ती म्हणायची, घर माझ्या भावाचं, झाड माझं.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीचा रस्ता रुंद करायचं ठरलं आणि फाटकाच्या आत चार हात अंतरावर लाल रंगाची रेघ आली. बोगनवेल रेघेच्या बाहेर, म्हणजे रस्त्यात.

मी गप्प बसणारी नाही. पत्रक काढलं, मराठीत आणि मागच्या बाजूला कन्नडमध्ये. फ्लेक्स लावला. त्यावर माझं वाक्य होतं: 'या झाडाचं एक पानही तुटू देणार नाही'. शिष्टमंडळ घेऊन नगरपालिकेच्या साहेबांना भेटले. साहेब अत्यंत सभ्य निघाले. बसा म्हणाले, चहा मागवला, नकाशा उलगडून दाखवला, समोरच्या बाजूला गटाराची मोठी लाइन आहे म्हणून रस्ता आपल्याच बाजूला सरकतो हे समजावलं, आणि सोमवारी सकाळी जेसीबी येईल असं सांगितलं. चहा पाजून नाही म्हणणाऱ्या माणसाविरुद्ध घोषणा कशी द्यायची, हे आमच्या कुठल्याच शिबिरात शिकवलेलं नव्हतं.

घरी येऊन मी पुढचं आंदोलन कसं तीव्र करता येईल ते सांगायला लागले. साखळी उपोषण, झाडाला मिठी, वगैरे. आत्ती तांदूळ निवडत होती. ताटावरची नजर न काढता तिनं विचारलं, "भाषण राहू दे. झाड जगंल का तेवढं सांग."

त्या दिवशी शुक्रवार होता. मे महिना. मी दोन रोपवाटिकांना विचारलं. दोघांनीही सांगितलं, एवढं जुनं झाड उन्हाळ्यात हलवत नाहीत, पावसाळ्यात बघू. एकानं मात्र जाता जाता सांगितलं, बेळगावात एक म्हातारे आहेत, टिळकवाडीत, ते कधीही काढतात आणि जगवतात.

शिरस्तेदारांनी माझा आवाज ओळखला. मी सगळं सांगितलं. मधेच त्यांनी विचारलं, किती वर्षांचं, बुंधा केवढा, माती कसली. मग म्हणाले, "वकीलबाई, झाड मी काढून देतो. पण चार हात तोडल्यावर तुमच्या अंगणात उरतंय काय? ते ताटलीतच जाणार. चालेल?"

मी चालेल म्हणाले. त्या तीन अक्षरांचा मला किती त्रास झाला हे फक्त मलाच माहीत आहे.

रविवारी पहिल्या बसनं ते आले. डोक्यावर टोपी, पिशवीत करवत, छाटणीची कात्री, सुतळी आणि एक डबा, शिवाय बसच्या टपावर मातीचं एक पोतं. आदल्या दिवशी त्यांनी फोनवर सांगितलं होतं, बुंध्याभोवती भरपूर पाणी सोडा, त्याशिवाय तुमची काळी माती कुदळीला दाद देणार नाही. आम्ही सोडलं होतं. त्यांनी माती चिमटीत घेऊन बघितली, झाडाभोवती दोन फेऱ्या मारल्या, आणि आत्तीला विचारलं, आक्का, सुरुवात करू का. आत्तीनं मान हलवली.

पहिलं काम काय असेल याचा मी काही विचार केलेला नव्हता. ते म्हणाले, सगळी पानं काढा.

मी म्हटलं, सगळी म्हणजे?

ते म्हणाले, सगळी म्हणजे सगळी. फुलंही. मुळं तोडल्यावर झाड पाणी ओढणार कुठनं? आणि पानं तर पाणी उडवत बसणार. पानं ठेवलीत तर बुधवारपर्यंत झाड वाळेल.

फ्लेक्स अजून कुंपणावरच होता. त्याच्याखाली बसून मी, आई आणि आत्तीनं तासाभरात झाड बोडकं केलं. गल्लीतले लोक दूध आणायला जाता-येता थांबत होते, वर वाचत होते, खाली बघत होते. समोरच्या घरातल्या मावशींनी हसू दाबत विचारलं, आंदोलन संपलं व्हय गं? मी पानं तोडत राहिले. काटे बोटांत शिरत होते. मोर्चात पोलिसांच्या काठ्या खाणं सोपं असावं, असं त्या वेळी वाटलं.

मग फांद्या तोडल्या. शिरस्तेदार हात-दीड हाताचे खुंट ठेवून बाकीचं करवतीनं उतरवत गेले. प्रत्येक कापलेल्या तोंडाला डब्यातली हळदीची चिकट पेस्ट फासली. मग खणायला सुरुवात. खणणार मीच, असं मी आधीच जाहीर केलं होतं. बुंध्यापासून दीड हात लांब गोल चर काढायचा, खाली जात जात आत वळायचं. वरची वीतभर माती ओली होती. तिच्या खाली पाणी पोचलंच नव्हतं, दगड बरा. आठ वाजेपर्यंत माझ्या तळहाताला दोन फोड आले. आत्ती उठली, पदर खोचला आणि कुदळ माझ्या हातातनं घेतली. सत्तरीची बाई ती. पण तिनं कुदळ वर उचललीच नाही, स्वतःच्या वजनानं पडू देत होती आणि ढेकूळ पायानं बाजूला सारत होती. शिरस्तेदार मला म्हणाले, बघा, असं खणतात.

मुळं लागली की ते स्वतः चरात उतरायचे. जाड मूळ करवतीनं सरळ कापायचं, फाडायचं नाही. बारीक केसासारखी मुळं जपायची, झाड पितं ती हीच, जाड मुळं नुसती पकडून धरतात. हे सगळं ते मुलाला शिकवावं तसं आत्तीला सांगत होते, मला नाही. आत्ती ऐकून घेत होती आणि मधनंच म्हणत होती, तंबाखूचंबी तसंच.

दहाच्या सुमारास झाड हललं. ओल्या बारदानात मातीचा गड्डा बांधायचा आणि उचलायचं, असं ठरलं होतं. चौघांनी धरलं. आप्पा, आई, शिरस्तेदार आणि मी. वर आलं, आणि वर येताच अर्धी माती धाडकन चरात पडली. मुळं उघडी.  मी आत्तीकडे बघायचं टाळलं. शिरस्तेदारांनी एक सुस्कारा सोडला, बोगनवेल अशीच करते म्हणाले, आणि उघड्या मुळांवर ओलं बारदान टाकून कामाला लागले.

कुंडी म्हणून शेजारच्यांची सिमेंटची डोण मिळाली. पूर्वी त्यांच्या म्हशी तिच्यात पाणी प्यायच्या. तळाला छिन्नीनं भोकं पाडली. खाली विटांचे तुकडे, वर जाडी वाळू आणि शिरस्तेदारांनी बेळगावहून पोत्यात भरून आणलेली तांबडी माती. झाड मधे बसवून सुतळीनं डोणीलाच आवळून बांधलं. हललं तर नवी मुळं तुटतात, म्हणाले. मागच्या भिंतीला टेकून डोण ठेवली आणि सावलीला काहीतरी हवं म्हणून तोच फ्लेक्स काढून वर ताणला. अक्षरं आकाशाकडे.

जाताना शिरस्तेदारांनी सूचना दिल्या. हलवू नका, खत घालू नका, सकाळ-संध्याकाळ खोडावर पाणी फवारा, आणि वाट बघा. फुटायचं असेल तर तीन आठवड्यांत फुटेल.

सोमवारी जेसीबी आला आणि वीस मिनिटांत फाटक, कुंपण आणि आमचा चर घेऊन गेला.

मी आयुष्यात कशाची इतकी वाट बघितली नसेल. बेळगावची बस पकडण्याआधी रोज जाऊन बघायचं. तो खुंटांचा गठ्ठा कुणी टाकून दिलेल्या जळणासारखा दिसायचा. आत्ती दिवसातनं चारदा फवारा मारायची. सांगितलं दोनदाच होतं, पण तिला कोण सांगणार. तिचं बोलणं कमी झालं होतं. एकदा मला म्हणाली, उगाच काढलं, रस्त्याच्या लोकांनी मारलं असतं तर त्यांच्या नावानं बोटं मोडता आली असती.

अठराव्या दिवशी बुंध्यावर लालसर ठिपके दिसले. टाचणीच्या डोक्याएवढे. मी मोजले, बावीस. फोटो काढून शिरस्तेदारांना पाठवला. आत्ती अंघोळीला गेली होती, बस सुटायची वेळ झाली होती, म्हणून आईला ओरडून सांगितलं की आत्तीला सांग, झाड फुटलं, आणि पळाले. दिवसभर कोर्टात माझा चेहरा बघून लोक विचारत होते, केस जिंकलीस का.

संध्याकाळी परत आले तर बुंधा गुळगुळीत. बावीसमधला एकही ठिपका नाही.

माझा संशय सरळ समोरच्या मावशींच्या शेळीवर गेला. कुंपण गेल्यापासून ती शेळी आमच्या अंगणात मोकळी फिरत होती. मी तशीच, खांद्यावर बॅग असताना, त्यांच्या दारात गेले आणि बोलले. काय बोलले ते सगळं लिहीत नाही. सार्वजनिक जबाबदारी, मोकाट जनावरं, दुसऱ्याच्या कष्टांची कदर असे मुद्दे होते. मावशी आधी गोंधळल्या, मग म्हणाल्या, शेळी दोन दिवस झाले माझ्या बहिणीकडं गेलीय.

परत आले तेव्हा आत्ती मागच्या पायरीवर बसली होती. चेहऱ्यावर कधी नव्हे ते समाधान. मला म्हणाली, "शेळी न्हवं गं. मी काडले. समदे फुटवे काडले, बुडातले पन. एक ठेवला न्हाय."

मला समजायला वेळ लागला. तंबाखूचा शेंडा खुडला की प्रत्येक पानाच्या बगलेतनं फुटवा येतो. तो पानाचं बळ खातो, पान पातळ पडतं, भाव जातो. म्हणून बायका ओळीनं वाकून फुटवे काढत जातात, एकही न सोडता. आत्तीनं वयाच्या दहाव्या वर्षापासून हेच केलं होतं. फुटवा दिसला की तिचा अंगठा आपोआप जातो. आईनं तिला सांगितलं, झाड फुटलं. ती बघायला गेली, आणि तिला दिसले बावीस फुटवे.

मी म्हणाले, "मारलंस तू ते. तुझ्याच हातानं मारलंस."

हे वाक्य मी लिहिलं आहे कारण मी ते बोलले आहे.  आत्तीनं हात बघितले, पदराला पुसले आणि ती आत गेली. दुसऱ्या दिवसापासून ती मागच्या अंगणात यायची बंद झाली. कपडे वाळत घालायला गच्चीवर जायला लागली. फवाऱ्याचा पंप तिनं न्हाणीच्या कोपऱ्यात ठेवून दिला. मी दोनदा माफी मागितली. ती म्हणाली, खरं तेच बोललीस की.

मावशींची माफी मागणं त्यामानानं सोपं गेलं. त्यांनी बहिणीकडनं परत आलेल्या शेळीला माझ्यासमोर उभं केलं आणि तिची पण माग म्हणाल्या. मागितली.

शिरस्तेदार पुढच्या रविवारी आले. भिंग लावून बुंधा न्याहाळला, बोट फिरवलं. मी वाट बघत होते की ते काहीतरी कोर्टातल्यासारखं बोलतील. ते आतल्या दाराकडे तोंड करून, आत्तीला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले, आक्का, साल कुठं फाटलेली नाही. मला भिंग लावूनही इतकं स्वच्छ काढता आलं नसतं. साल शाबूत आहे म्हणजे तिच्याखाली निजलेले डोळे असतील, कोंब फुटतात ते. अजून एकदा फुटायची ताकद राहिली असेल तर फुटेल.  त्यांनी झाडावर प्लास्टिकची मोठी पिशवी ओढली, खाली सुतळीनं बांधली आणि मला म्हणाले, आता दोन आठवडे उघडायची नाही.

मी उघडली नाही. फवारा नाही, मोजणं नाही. माझ्या स्वभावाला हे जमणारं नव्हतं, तरी केलं. रोज सकाळी आत्तीला सांगायचे, आज पिशवीला आतून पाणी धरलंय. ती म्हणायची, मला काय सांगतीस. पण मी सांगायच्या आधी ती चूल सोडून कुठं जात नव्हती.

दोन आठवड्यांनी शिरस्तेदार पिशवी काढायला आले. बुंध्याच्या एकाच बाजूला, खाली, पाच फुटवे होते. गव्हाएवढे. मी ओरडणार होते, तेवढ्यात त्यांनी खांद्यावरच्या पिशवीतनं तारेचं वेटोळं काढलं. म्हणाले, हे जरा लांबले की पहिल्यापासूनच वळण द्यायला हवं, सगळे एकाच अंगाला आलेत, तार लावून पलीकडे न्यावे लागतील.

आणि मग जे व्हायचं ते झालं. मी म्हटलं, या झाडाला तार लागणार नाही. ते म्हणाले, वकीलबाई, अट काय ठरली होती. मी म्हटलं, कुंडीची ठरली होती, छळाची नाही. ते म्हणाले, तुमचं पत्रक अजून माझ्या जाईच्या कुंडीखाली आहे, पाठ आहे मला. मी म्हटलं, पाठ आहे तर समजलं कसं नाही. आवाज चढत गेले. कोर्टातला जुना वाद दोन हातांच्या अंगणात आला होता.

मागचं दार उघडलं. "झाडाजवळ वरडू नगा," आत्ती म्हणाली. "ते बाळंतीण हाय."

 ती एवढंच सांगायला आली होती, पण दारातनं तिला दिसलं. पायरी उतरून ती डोणीपाशी आली. हात पाठीमागं घट्ट धरलेले. वाकून एकेक बघितला. बराच वेळ बघितला.

शिरस्तेदार म्हणाले, आक्का, हे दोन एकाच डोळ्यातनं आलेत. एकाला जागा करून द्यायला हवी. माझी नखं जाड झालीत.

आत्तीनं माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही, आणि हे माझ्यासाठी लिहून ठेवण्यासारखं आहे. तिनं उजवा हात पुढे आणला. अंगठा त्या दोघांवर इकडून तिकडे फिरला, परत फिरला. मग एक कोवळा फुटवा तिच्या नखावर होता, कुठं जखम नाही.

"बाकीचे?" तिनं विचारलं.

"बाकीचे ठेवायचे."

"मग ह्ये पयल्यांदा सांगाय नगो व्हय, साहेब? हलवू नगा, खत घालू नगा, समदं सांगितलंसा. फुटवे काडू नगा तेवढं सांगाय तोंड न्हवतं?"

शिरस्तेदारांनी आयुष्यभर लोकांच्या अर्जांतल्या उणिवा काढल्या होत्या. कुणी त्यांची काढल्याचं मी तरी बघितलेलं नव्हतं. त्यांनी टोपी काढून डोकं पुसलं आणि चूक झाली म्हणाले.

आत्तीनं हात पुढे करून तारेचं वेटोळं त्यांच्या हातातनं घेतलं, वजन केल्यासारखं खालीवर केलं आणि आत नेऊन ठेवलं. तेव्हापासून ते आमच्याकडेच आहे. झाडाच्या चारही नव्या फांद्या आता हात-हात लांब झाल्यात, एकाच अंगाला झुकलेल्या. अजून फुललेलं नाही. शिरस्तेदार महिन्यातनं एकदा येतात, डोणीसमोर बसून मान तिरकी करून बघतात आणि मला दबक्या आवाजात विचारतात, तार कुठं ठेवलीय माहितीय का तुम्हाला. मला माहीत आहे. आत्तीनं तिची दोरी करून तिच्यावर माझे काळे कोट वाळत घातलेत.